महिन्याला तीन इंच

देवराव ढोमणे बायकोशी भांडायला नेहमी स्वयंपाकघरात जात. भांडण बाहेरच्या खोलीत पेटलं तरी ते हातानं थांबायची खूण करत, शांतपणे उठत, आत जात आणि मग तिथून ओरडत, "हं, आता बोल!" कमलाबाई हातातलं निवडणं खाली ठेवून आत जायच्या आणि मग दोघांची रीतसर जुंपायची.

कारण अगदी साधं होतं. स्वयंपाकघर त्यांचं होतं आणि बाहेरची खोली अजून सोसायटीची होती. "लोकाच्या जागेत आवाज चढवू नये, बाबू," हे त्यांनी मला एकदा असं समजावून सांगितलं, की जणू मीच कुणाच्या तरी ओसरीवर रोज गोंधळ घालत होतो.

चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. जबलपूरच्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीत तिन्ही पाळ्या चालू होत्या, भरती जोरात होती, आणि जुन्या माणसांना पहिल्यांदाच वाटू लागलं होतं की आपण इथून आता हलत नाही. मग आम्ही काही फॅक्टरीवाल्यांनी मिळून महाराजपूरच्या बाजूला घरांची सोसायटी काढली. प्रत्येकाला सहा हजार रुपये कर्ज, घराचे कागद सोसायटीकडे गहाण आणि महिना पन्नास रुपये हप्ता. मी फॅक्टरीत हिशेबाच्या शाखेत कारकून, म्हणून सगळ्यांनी एकमतानं मला बिनपगारी खजिनदार केलं. बिनपगारी कामाच्या वेळी एकमत फार लवकर होतं.

ढोमणे माझे सख्खे शेजारी. मूळचे वर्ध्याकडचे, फॅक्टरीत स्टोअरकीपर. तीस वर्षं खिळे, वॉशर आणि बोल्ट मोजून मोजून त्यांची नजर अशी झाली होती, की समोर माणूस आला तरी आधी त्याच्या शर्टाची बटणं मोजत. घरातही त्यांनी स्टोअर चालवलं होतं. काड्यापेटी संपली की रिकामी पेटी दाखवायची, मगच भरलेली मिळे. साबणाची चिपटी परत केल्याशिवाय नवी वडी नाही. कमलाबाई हे सगळं करत आणि शेवटी म्हणत, "चलो, झालं तुमचं समाधान?" ते म्हणत, "समाधानाचा प्रश्न नाही. रेकॉर्डचा प्रश्न आहे."

पहिला हप्ता भरून आले त्या रविवारी त्यांनी टेप काढला आणि घर मोजलं. मागच्या दारापासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर तीस फूट. कर्ज सहा हजार, हप्ता पन्नास, म्हणजे एकशेवीस हप्ते. तीस फुटांना एकशेवीसनं भागलं की हप्त्याला तीन इंच. मागच्या भिंतीपासून तीन इंच मोजून त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेरूची रेघ ओढली. "एवढं आपलं," ते म्हणाले. कमलाबाईंनी त्या तीन इंचात एक पाय ठेवून पाहिला, तो मावला नाही.

मग दर महिन्याला रेघ तीन इंच पुढे सरकू लागली. पहिल्या वर्षाअखेरी भांडायला तीन फूट जागा झाली, तेवढ्यात दोघंही चुलीशी अंग चोरून उभे राहत. रेघेच्या अलीकडे ढोमणे मालक होते. तिथं ते खिळे ठोकत, शिट्टी वाजवत, पाय पसरून बसत. रेघेच्या पलीकडे पाहुणे. देवांचे फोटो, कॅलेंडर, छत्री, सगळं स्वयंपाकघरात टांगलेलं, कारण पुढच्या भिंतींना खिळा मारायची त्यांची छाती नव्हती. मी गेलो की पुढच्या खोलीत खुर्ची देत आणि म्हणत, "बसा बिनधास्त. ही जागा काही आमची नाही." काही वर्षांनी रेघ मधल्या खोलीत बाजेखाली आली, तेव्हा बाजेचे दोन पाय आपले आणि दोन सोसायटीचे अशी अवस्था होती. आपल्या बाजूला कमलाबाई झोपत.

मी एकदा विचारलं, "पण सुरुवात मागून काहून केली? सगळे लोक पुढून करतात. दार आपलं, ओसरी आपली, लोकांनाही दिसतं."

ढोमणे थोडा वेळ टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "गोहलपुरात आमी भाड्यानं होतो, बाबू. मालकिणीनं हिची चूल तीन वेळा हलवायला लावली. पहिले म्हणे धूर येते, मग म्हणे पाणी सांडते. तिसऱ्यांदा तर भात शिजून राहिला होता, तसाच गंजासकट उचलून अंगणात ठेवला. म्हून म्हटलं, पहिले चुलीची जागा आपली करू. मग बाकीचं."

हे सगळं छान होतं. फक्त हिशेब चुकीचा होता.

ढोमण्यांचा जन्म स्टोअरमध्ये गेला होता. तिथं शंभर खिळ्यांतून दहा दिले की नव्वद राहतात. फडताळात ठेवलेल्या खिळ्यांना व्याज लागत नाही. सोसायटीच्या कर्जाला मात्र वर्षाला शेकडा पाच व्याज होतं आणि पन्नासांतून ते आधी कापलं जाई. पहिल्या महिन्यात तर निम्मा हप्ता व्याजातच गेला. खरं म्हणजे रेघ दीडच इंच सरकायला हवी होती. एकशेवीस हप्त्यांत हे कर्ज फिटणार नव्हतं, त्याला चौदा वर्षं लागणार होती. आणि ढोमण्यांच्या नोकरीची बरोबर दहा वर्षं उरली होती. प्रॉव्हिडंट फंडातला पैसा त्यांनी भावाच्या मुलींच्या लग्नांत आधीच उचलला होता. मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर चार वर्षांचे हप्ते कुठून येणार? हप्ते थकले तर घर सोसायटी घेणार, आणि हे दोघं म्हातारपणी पुन्हा कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत.

मला हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. सांगायला म्हणून मी दोनदा त्यांच्या घरी गेलोही. दोन्ही वेळा ढोमणे जमिनीवर ओणवे होऊन रेघ ओढत होते. मी चहा पिऊन परत आलो. मी हिशेबाचा पक्का आहे, हिमतीचा नाही.

ढोमणे हप्ता भरून पावती घेऊन जात. पासबुक त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही, त्यांचं पासबुक जमिनीवर होतं. पुस्तक कमलाबाईंच्या ट्रंकेत असे आणि नोंद करून घ्यायला त्याच येत. वर्ष संपलं तेव्हा त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. शिक्षण चौथी, पण बोट बरोबर आकड्यावर.

"भाऊजी, आमी सहाशे भरले. मग इथं पाच हजार सहाशे त्र्याण्णव काहून?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "दहा वर्षांत फेडाचं तर महिन्याले किती जास्त लागते?" मी कागदावर मांडलं, साधारण सोळा रुपये. दुसरा नवऱ्याबद्दल, "यायले तुमी सांगितलं काय?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग सांगू नका. दर महिन्याले तो माणूस लेकरासारखा खुश होऊन रेघ वढते. मी त्याले काय सांगू, का मागं सरक?"

जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात एक शिंपी गणवेशांचं काम घेत असे. त्याच्याकडून कमलाबाईंनी काजं करायचं काम आणलं. दुपारभर खिडकीशी बसून खाकी सदऱ्यांना काजं. ढोमण्यांना सांगितलं, "वेळ जात नाही, म्हून करून राहिली." आणि दर महिन्याला नोंदीला येताना त्या पदराच्या गाठीतून सोळा रुपये काढून माझ्यापुढे ठेवू लागल्या. कधी चौदाच असत. पुढच्या महिन्यात ते दोन भरून निघत. नवरा रेघ पुढे ओढत होता आणि बायको मागून ती खरी करत येत होती. मी मधे बसून दोघांना पावत्या देत होतो.

पासष्टची लढाई आली. फॅक्टरीत दिवसाचे बारा तास काम, ओव्हरटाइम भरपूर. सरकारचा हुकूम होता की खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावा. ढोमण्यांनी आपल्या मागच्या खिडकीला लगेच लावला. पुढच्या खिडक्यांसाठी मात्र मला अर्ज दिला: सोसायटीच्या मालकीच्या काचांना खळ लावण्याची परवानगी मिळावी. मी तोंडी परवानगी दिली तर म्हणाले, "रेकॉर्डवर घ्या." शेवटी शिक्का मारून दिली, तेव्हा कागद लागला.

ओव्हरटाइमचे पैसे हातात आले त्या दिवशी दोघांची जुंपली ती मला माझ्या घरात ऐकू आली. भांडण अर्थात स्वयंपाकघरातून.

"ते पैसे कर्जात टाका न! मी काय लुगडं मागून राहिली काय?"

"नाही. तिकडं पोरं मरून राहिले, अन् इकडं माही रेघ पळून राहिली, असं नाही चालत. हे पैसे जवानांच्या फंडात जाईन."

"सगळे?"

"सगळे."

आणि गेले. ते पैसे कर्जात आले असते तर कमलाबाईंची पुढच्या दोन वर्षांची काजं वाचली असती. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं नाही. मला मात्र नोंदीच्या वेळी म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो, भाऊजी. मले महाग पडून राहिला, एवढंच."

सातव्या वर्षी रेघ पुढच्या खोलीत शिरली. त्याच सुमारास कमलाबाई भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांची पासबुकं तपासणीला मागवली होती. ढोमण्यांनी ट्रंकेतून पुस्तक काढून आणून दिलं. पावती घेऊन ड्युटीवर गेले. मला हायसं वाटलं की त्यांनी उघडलं नसावं.

त्यानंतर त्यांच्या वागण्यात थोडा फरक पडला, पण त्यांच्या बाबतीत फरक ओळखणं अवघड होतं. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ते खिडकीशी बसून दहा-बारा सुया ओवून ठेवू लागले. कमलाबाईंची नजर आता कमी झाली होती, मी धरून चाललो की हा एक नवा चाळा. एकाहत्तरची लढाई आली, पुन्हा ओव्हरटाइम आला. या खेपेला त्यांनी निम्मे पैसे जवानांच्या फंडात दिले आणि निम्मे कमलाबाईंच्या हातात ठेवले, न मोजता. खिळा मोजल्याशिवाय न देणारा माणूस! कमलाबाई स्वतः मला सांगायला आल्या, जरा घाबरूनच. "यायची तब्येत बरी नाही वाटते," म्हणाल्या, आणि सगळे पैसे कर्जात भरून गेल्या.

शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधी ढोमणे एकटेच माझ्याकडे आले. घर बायकोच्या नावावर करायचं होतं, त्याचा अर्ज स्वतःच लिहून आणला होता.

"तुमच्या नावावर राहिलं तर काय बिघडलं?" मी म्हटलं.

"माह्या हिशेबानं चौदा वर्षं होतात, बाबू."

मी हातातली लेखणी खाली ठेवली.

"स्टोअरकीपर आहो मी. पुस्तकात दर महिन्याले दोन जमा पाह्यल्या. एक माही, एक दुसरी. आठ दिवस जेवण गेलं नाही मले. वाटलं, सांगून टाकू, का कमले, माहीच चूक झाली. मग इच्यार केला, इतके वर्षं तिनं मले खोटं पाडलं नाही. मग मी तिले काहून खोटं पाडू?" त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "तिले सांगू नका."

आता माझ्याकडे दोघांचं एकेक गुपित जमा झालं होतं. मला खजिनदारीचा इतका कंटाळा कधी आला नव्हता.

शेवटच्या रविवारी दोघं मिळून सोसायटीच्या कचेरीत आले. कमलाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. ढोमण्यांनी पन्नास रुपये मोजून दिले, मी पावती फाडली, कपाटातून घराचे कागद काढले आणि कमलाबाईंच्या हातात ठेवले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे केला.

"मले आता एवढं बारीक दिसत नाही, भाऊजी. तुमी वाचा."

मी वाचलं. कर्ज पूर्ण फिटलं. गहाण मोकळं झालं. घराची मालकी सौ. कमलाबाई देवराव ढोमणे.

कमलाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मग नवऱ्याकडे. ढोमणे भिंतीवरची थकबाकीदारांची यादी वाचत होते.

"तुमाले काजाच्या पैशाचं माहीत होतं?"

"हं."

"केव्हापासून?"

"तू नागपूरले गेली होती तेव्हापासून."

बाहेर रांगेत पुढचा माणूस खोकला. मी त्याला हातानंच थांबवलं.

"अन् तुमचं नाव कुठं आहे याच्यात?" कमलाबाईंचा आवाज चढला होता. आम्ही सोसायटीच्या जागेत होतो. "तुमी कुठं राहसान?"

"मी?" ढोमणे यादीकडेच पाहत म्हणाले. "मी राहीन न भाड्यानं. तू ठेवशीन तर."

कमलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि माझ्यासमोर, रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर, नवऱ्याचा हात धरला. त्या काळी आमच्याकडे कुणी धरत नसे. हात तसाच धरून त्या त्यांना रस्त्यानं घरी घेऊन गेल्या, आणि पुढच्या माणसाचा हप्ता मी दोनदा मोजला तरी चुकला.