नाकावरून पालक

भूगोलाच्या बाईंचं म्हणणं असं, की पालकांच्या गळ्यात चिठ्ठ्या अडकवायची वेळ ज्या शिक्षकावर येते त्याने खुशाल दुसरा धंदा बघावा. ऑफिसातल्या कारकुनाने पालकसभेसाठी मुलांच्या नावांच्या बावीस चिठ्ठ्या कापून, दोरे ओवून आणल्या होत्या. बाईंनी त्या तशाच परत पाठवल्या.

"मला लागत नाहीत. नाक बघितलं की कुणाचे पालक ते कळतं मला."

"नाक आईचं असलं आणि आले बाबा, तर?" कारकुनाने विचारलं.

"कान असतात की."

बाईंचा तोरा अगदीच फुकटचा नव्हता. खाजगी शाळा, मुलंमुली एकत्र, वर्गात जेमतेम बावीस डोकी. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं, की आमच्याकडे प्रत्येक मूल ओळखलं जातं. त्या वाक्याच्या वर फोटो बाईंचाच होता.

सभेत दर पालकाला दहा मिनिटं. यादीची एक प्रत दारावर, एक बाईंच्या टेबलावर. पाच वाजता होते वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीचे पालक. बरोबर पाचला दारात एक उंच, संकोची गृहस्थ उभे राहिले. बाईंनी नाक पाहिलं. तेच. एकदा तेच असणार असं ठरवून पाहिलं की कुठलंही नाक तेच दिसतं, ही गोष्ट त्यांना अजून कळायची होती.

"बसा. तुमच्या मुलीचं काय सांगू आणि काय नको," म्हणत बाई सुरू झाल्या. तासाला पहिला प्रश्न तिचा. नकाशात उत्तर दिशा वरच का, यावरून तिने बाईंशी दोन दिवस वाद घातला. नाटकात मिशी लावून राजा झाली आणि प्रधानाची वाक्यंही स्वतःच म्हणून टाकली. दोघांचं भांडण सोडवायला गेली आणि दुसरं लावून आली.

गृहस्थ खुर्चीच्या टोकावर आले होते. "आमची? घरी मीठ कमी पडलं तरी मागत नाही हो."

"मुलं घरी वेगळी असतात, शाळेत वेगळी." हे वाक्य बाई दरवर्षी वापरत. आजवर ते कधी वाया गेलं नव्हतं.

"मोठ्या शाळेत गर्दीत हरवून जाईल म्हणून इथे घातली," गृहस्थ म्हणाले. "बरं केलं म्हणायचं." जाताना त्यांनी वक्तृत्व स्पर्धेचा फॉर्म मागितला. बाईंनी तो कौतुकाने दिला.

पाच दहाला एक आई धापा टाकत आली. यादीप्रमाणे ही मागच्या बाकावरच्या अबोल मुलीची आई.

"तुमची मुलगी फार शांत," बाई म्हणाल्या. "नियमित येते. वह्या नीटनेटक्या." मग गाडी अडली. पुढे काही सुचेना. "शांत आहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

"माझी?" आईने मागे वळून दाराकडे पाहिलं. "अहो, परवा बडबड केली म्हणून तुम्हीच तिला वर्गाबाहेर उभं केलंत ना? मला दवाखान्यातून निघायला उशीर होणार होता, म्हणून त्या आधीच्या गृहस्थांशी वेळ बदलून घेतली. दारावरच्या यादीत तसं लिहिलंय."

बाई तशाच उठून फाटकापर्यंत धावल्या. गृहस्थ केव्हाच निघून गेले होते.

सकाळी अबोल मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात भरलेला फॉर्म.

"बाबांनी सही केलीय. आजीला, काकांना, सगळ्यांना फोन करून सांगितलं. मी राजा झाले होते, असं ते म्हणाले. पण मी पडदा ओढत होते, बाई."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"ते खूप खूश होते." तिने फॉर्म टेबलावर ठेवला. "पाठ करीन मी. फक्त, सगळ्या शाळेसमोरच बोलावं लागतं का?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फॉर्म हरवला म्हणावं, वयात बसत नाही म्हणावं, अशा पळवाटा शोधण्यात त्यांचा अख्खा तास गेला. शेवटी मोकळ्या तासाला त्यांनी ऑफिसातून फोन लावला. कारकून समोरच होता, पण त्याला बाहेर जा म्हणायचं तोंड आता उरलं नव्हतं.

"काल मी दुसऱ्याच मुलीबद्दल बोलले," बाईंनी सांगून टाकलं. "तुम्ही कोण हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मला ओळखता येत नाही हे दिसलं असतं. चूक माझी. फॉर्म मी फाडलाय, तिला काही बोलू नका."

"बरं," गृहस्थ म्हणाले. "मग आमची मुलगी कशी आहे?"

बाईंनी तोंड उघडलं. शांत, नियमित, वह्या नीटनेटक्या. एवढंच होतं, आणि तेही काल भलत्याच आईला देऊन झालं होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. कारकुनाने मान खाली घातली.

"लिहून घेता का? मी सांगतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "थोडा वेळ लागेल."

बाईंनी कारकुनाकडे कागद मागितला. त्याने एक दिला.

"दोन द्या," बाई म्हणाल्या.