रिश गाडी मागे घेतो

रिश कादुफला निवृत्त होऊन तीन आठवडे झाले, तेव्हा त्याची बायको मेंगिया म्हणाली, "आता मला तळं दाखव."

"कुठलं?"

"लाय वेर्द. चौतीस वर्षं रोज चारदा त्याच्या काठावरून जात होतास. मला एकदा तिथं तुझ्याबरोबर बसायचंय. नुसतं. घड्याळ न बघता."

मागणी अगदी साधी होती, म्हणूनच अवघड होती. रिश खोऱ्यात टपाल आणि प्रवासी नेणारी पिवळी टपालबस चालवायचा. लग्नाचे वाढदिवससुद्धा त्याने दोन फेऱ्यांमधल्या अकरा मिनिटांत साजरे केले होते. तरी रविवारी सकाळी त्याने मनगटावरचे घड्याळ काढून पावाच्या डब्यात ठेवले, टोपलीत वाळवलेले मांस आणि अक्रोडाचा केक घेतला, आणि दोघे आपल्या छोट्या गाडीतून निघाले.

पहिल्या गावात चर्चसमोर गाडी थांबली.

"का थांबलास?" मेंगियाने विचारले.

"इथं थांबा आहे."

"बसला आहे. आपल्याला नाही."

रिशने मान डोलावली, आरशात पाहिले, आणि कुणी धावत येत नाही याची खात्री करूनच गाडी सोडली.

दुसऱ्या गावात मात्र थांब्यावर बार्लाबाई उभ्या होत्या. वय ब्याऐंशी, हातात पिशवी. गाडी थांबताच त्यांनी मागचे दार उघडले आणि आत बसल्या.

"रिश, यंदा बस फारच लहान दिलीय रे तुला."

"बार्लाबाई, मी आता..."

"असू दे. माणसंच कमी झालीत, त्यांनी तरी काय करावं. मला वरच्या गावात बहिणीकडे सोड."

त्यांना उतरा म्हणणे रिशच्या जिभेला जमेना. मेंगिया खिडकीबाहेर पाहू लागली. लग्नाला चाळीस वर्षे झाली की बायकोचे बाहेर पाहणे हे बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येते.

तिसऱ्या थांब्यावर तोना भेटला. तो चीज करायचा, आणि अर्थातच चीज बरोबर होते. गाडीच्या चाकासारखे गोल, अख्खे. ते बार्लाबाईंच्या मांडीवर विसावले.

"आपण दोघंच जाणार होतो," मेंगिया हळूच म्हणाली.

"पुढच्या थांब्यावर नाही थांबणार," रिश म्हणाला. त्याला ते खरेच वाटत होते.

तळ्याकाठच्या वळणावर समोरून तीन सुरांचा भोंगा ऐकू आला. डोंगरातल्या टपालरस्त्यावर पिवळ्या बसचा मान वरातीतल्या नवरदेवासारखा. ती समोर आली की बाकीच्यांनी निमूट मागे सरकायचे. हा कायदा रिशने चौतीस वर्षांत बाहेरगावच्या हजारो गाडीवाल्यांना शिकवला होता, कधी समजावून, कधी नुसते भुवई उचलून.

बस नाकासमोर येऊन उभी राहिली. रिश स्वस्थ बसला. समोरच्याने मागे घ्यावी म्हणून वाट पाहू लागला. सवयीने भुवईही उचलली.

बसमधून लादिना उतरली. हिला बस चालवायला त्यानेच शिकवले होते. ती खिडकीशी वाकली.

"रिशकाका, मागं तुम्ही घ्यायचंय."

"मी?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, पहिल्या दिवशी. कुणाची गयावया ऐकायची नाही म्हणून."

मग ती अवघडून म्हणाली, "रागावू नका हं."

रिश रागावला नाही. त्याने फक्त एकदा त्या मोठ्या पिवळ्या तोंडाकडे पाहिले. आजवर तो त्याच्या आत बसत आला होता. ते बाहेरून एवढे मोठे दिसते याची त्याला कल्पना नव्हती.

त्याने गाडी मागे घेतली. बारा मीटरच्या बसला वळणाच्या ज्या जागी स्टिअरिंग फिरवायचे, नेमक्या त्याच जागी त्याने साडेतीन मीटरच्या गाडीचे स्टिअरिंग फिरवले. गाडी हळूच काठावरच्या दलदलीत जाऊन बसली.

"आलं का गाव?" बार्लाबाईंनी विचारले.

"नाही. खाली उतरा. वर जाणारी बस दहा मिनिटांत येईल," लादिना म्हणाली.

"म्हणजे खरी बस मागनं येतच होती? मग हा कशाला मध्ये घुसला?"

वर जाणारी बस आली, बार्लाबाई, तोना आणि चीज घेऊन गेली. तिच्या चालकाने विचारले, "दोन जागा आहेत, काका. येताय?" रिशने पाय उचललाही होता. मेंगिया टोपली घेऊन तळ्याकडे वळली. रिशने पाय खाली ठेवला.

गाडी ओढून काढणारा तीन तासांनी येणार होता. दोघे दगडावर बसले. रिशने चारदा मोकळ्या मनगटाकडे पाहिले, मग पाहणे सोडले.

"पाणी इतकं हिरवं का रे?"

"मी पाहुण्यांना सांगायचो, तळाशी हिरवा दगड आहे."

"खरंच आहे?"

"काय माहीत? मी कुठं कधी उतरलो होतो," रिश म्हणाला, आणि उठून पाण्याशी गेला. वाकून पाहत राहिला. बराच वेळ.

मेंगियाचे तळे अर्ध्या तासात बघून झाले. एका तासात केक संपला. दुसऱ्या तासाला वारा सुटला आणि तिचे पाय गारठले. तिसऱ्या तासाला ओढगाडी आली, तेव्हा तिने टोपली आवरून कधीची काखेत घेतली होती.

रिशने पाण्यावरची नजर काढली नाही. ओढगाडीवाल्याला हाताने थांबवत तो म्हणाला, "आत्ता नको. पुढच्या फेरीला ये."

"दोन तास लागतील मला."

"लागू देत."

मेंगियाच्या ओठांवर 'चल' आले होते. पण चौतीस वर्षांनी नवरा थांबला होता. आता हे कोणत्या तोंडाने म्हणणार? तिने टोपली खाली ठेवली, पाय स्कर्टखाली ओढून घेतले आणि त्याच्याशेजारी बसली.