बसणाऱ्यांची रांग

माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवसापासून तो बसायला जागा शोधतो आहे. या शोधाला मनोरंजन उद्यानात जेवढं यश आलं, तेवढं दुसरीकडे कुठे आल्याचं ऐकिवात नाही.

उद्यानाचा नियम उदार होता. ज्याला चालता येत नाही त्याला व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची स्कूटर भाड्याने मिळे, आणि अशा माणसाला रांग न लावता बाजूच्या दाराने प्रत्येक राइडमध्ये सोडत. सोबत घरची पाच माणसंही. (आजारी माणसाला एकट्याने आनंद सोसत नाही, असं काही वैद्यकीय कारण यामागे असावं.)

सवलतीचा गैरवापर होऊ नये म्हणून व्यवस्थापनाने खबरदारीही घेतली होती. भाड्याची खिडकी तिकीटघराच्या वरच्या मजल्यावर होती आणि ज्याला खुर्ची हवी त्याने स्वतः वर येऊन सही करायची होती. लिफ्ट होती. तिची किल्ली खिडकीतला कारकून देई, सही झाल्यावर. इतक्या चोख बंदोबस्तातून खुर्ची ज्यांच्या हाती पडे, ते सगळे जिना चढू शकणारे असत. संध्याकाळी ती परत करायलाही ते धडधडत वर येत. त्यावरून उद्यानाने आपल्या माहितीपत्रकात छापलं होतं, की इथे आलेल्या शंभर अपंग पाहुण्यांपैकी अठ्ठ्याण्णव दिवसभरात चालू लागतात. (उरलेले दोन खुर्ची पार्किंगमध्येच सोडून जातात.)

पोस्टमनला ही व्यवस्था गेल्या वर्षीपासून ठाऊक होती. तो आता निवृत्त झाला होता, पण सगळा जन्म लोकांचे जिने चढण्यात गेल्यामुळे त्याचे पाय अजून नोकरीतच होते. गेल्या वर्षी तो बायकोला घेऊन आला होता. दुखण्याने तिचे पाय गेले होते, आणि तिला फक्त एक गोष्ट बघायची होती: बोटीची गुहा. टीव्हीवरच्या जाहिरातीत त्या गुहेतलं पाणी निळंशार दिसायचं. ती म्हणायची, पाणीच निळं आहे. तो म्हणायचा, तळाला रंग मारलाय. हा वाद स्वयंपाकघरात सुरू झाला आणि पुढे दवाखान्यातही चालला. सलाईन लावायला आलेल्या नर्सलासुद्धा तिने आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं.

गुहा तिकीटघराच्या समोरच होती. बायकोला फुलांच्या वाफ्याच्या कठड्यावर बसवून तो वर गेला.

"पेशंटला घेऊन या," कारकून म्हणाला.

"तिला चालता येत नाही, म्हणून तर खुर्ची हवीय."

"मग लिफ्टने आणा."

"लिफ्टला कुलूप आहे."

"किल्ली माझ्याकडेच आहे. त्यांनी सही केली की लगेच देतो." कारकून सज्जन होता. त्याने किल्ली उचलून दाखवलीसुद्धा.

तो खाली आल्यावर बायको कठड्यावरून म्हणाली, "राहू द्या. तुम्ही एकटे जाऊन बघून या, म्हणजे एकदाचे गप्प बसाल." तो गेला नाही. एकट्याने बघण्यात काय मजा, म्हणाला, आणि दोघं परत आली. त्या हिवाळ्यात ती गेली. वाद तसाच राहिला.

यंदा मुलगा, सून आणि नात निघाली, तेव्हा तोही निघाला. पाणी बघायचं आणि घरी यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. मुलाच्या मनात आणखीही काही होतं. ते त्याने गाडीत सांगितलं.

"बाबा, तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं. बाकी आम्ही बघतो."

"मला काय झालंय?"

"तुम्हाला काही नाही झालं. रांगा केवढ्या असतात माहितीय ना?"

"आणि तिथे हसू नका," सून म्हणाली. "जरा दुखतंय असा चेहरा ठेवा."

"कुठे दुखतंय विचारलं तर?"

"गुडघा सांगा. गुडघ्याला कुणी पुढे काही विचारत नाही."

"आबा, डावा की उजवा?" नातीने विचारलं. "एकच ठरवा, नाहीतर पकडले जाल."

उजवा ठरला. पोस्टमन एका दमात जिना चढून वर गेला.

"पेशंट कुठाय?"

"मीच."

"छान," कारकून समाधानाने म्हणाला. "असं स्वतः आलं की आमचं काम सोपं होतं." आणि त्याने सही घेऊन लिफ्टची किल्ली पुढे केली.

दिवसभर पोस्टमनने खुर्चीतून समाज पाहिला. तो पाहण्यासारखा होता. एक धडधाकट गृहस्थ स्कूटरवरून हॉर्न वाजवत फिरत होते आणि चालणाऱ्यांना "जरा बघून चाला" असं बजावत होते. एका घराने आजाराच्या पाळ्या लावल्या होत्या. घसरगुंडीला मामा लंगडा, तर पाळण्याला आत्या. एका तरुणाने घरून पायाला प्लास्टरच घालून आणलं होतं, आणि त्याच्या कर्तव्यदक्षतेकडे बाकीचे आदराने बघत होते. ज्यांनी घरातला म्हातारा आणला नव्हता ते हळहळत होते. घरातल्या वडीलधाऱ्यांची इतकी आठवण लोकांना मृत्युपत्राखेरीज इतरत्र क्वचितच होते.

मुलाने गुहा शेवटी ठेवली होती. तिथे पोचेपर्यंत बाजूच्या दाराची रांग कारंज्याला वळसा घालून गेली होती. सगळी चाकांची. आणि साधी रांग? तिथे कुणीच नव्हतं. येणारा माणूस सरळ चालत आत जात होता.

"बाबा, तिकडून जाऊ या ना," नात आपल्या बापाला म्हणाली. "तिकडे गर्दीच नाही."

"अगं, आपण खुर्ची घेतलीय ना," मुलगा म्हणाला.

या उत्तरात खोट काढता येणार नाही. पुढच्या-मागच्या सगळ्या खुर्च्यांनीही तोच विचार केला होता.

रांग कासवाच्या पावलांनी गुहेच्या दाराशी आली. पुढची बोट त्यांचीच होती. तेवढ्यात पोस्टमनला फुलांच्या वाफ्याचा कठडा दिसला. तिथे एक बाई बसली होती. पायांना पट्ट्यांचे आधार, शेजारी कुबड्या. तिचा नवरा तिकीटघराच्या जिन्यावरून रिकाम्या हातांनी उतरत होता.

"तुलाच वर बोलावतायत."

"येते म्हणावं," बाई म्हणाली. "दोन-चार वर्षांत पोचेन."

पोस्टमन उठला.

"बाबा, बसा. लोक बघतायत," मुलगा दातओठ खात म्हणाला. "खुर्ची दिलीत तर बोट गेली. सकाळपासून त्या गुहेसाठी जीव टाकताय ना?"

"हो," पोस्टमन म्हणाला, आणि खुर्ची ढकलत कठड्यापाशी घेऊन गेला. नवऱ्याने बायकोला खुर्चीत बसवलं. पोस्टमनने ती आणून होती त्याच जागी, दाराशी उभी केली.

मग रांगेत असंतोष पसरला. स्कूटरवाले गृहस्थ नीट ओरडता यावं म्हणून उभे राहिले. "आम्ही आजारी माणसांनी किती वेळ थांबायचं?" त्यांना आवरायला मामा उठले. मामांना आवरायला आत्या धावल्या. मागे काय चाललंय ते दिसेना, म्हणून प्लास्टरवाला खुर्चीवर चढला. बघता बघता रांगच्या रांग दोन पायांवर आली.

दारावरचा माणूस नियमाला पक्का होता. 'बसलेल्या पाहुण्यास प्रथम सोडावे,' असा त्याला हुकूम होता. त्याने रांगेवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. बसलेली ती बाई एकटीच होती. त्याने तिला आणि तिच्या नवऱ्याला आत सोडलं.

"ताई," पोस्टमन मागून म्हणाला, "तेवढं पाणी खरंच निळं आहे का बघून सांगा."

रांगेतली हाणामारी फुलांच्या वाफ्यापर्यंत गेल्यावर उद्यानाने गुहा त्या दिवसापुरती बंद केली. आजाऱ्यांच्या सुरक्षेसाठी. बाईची बोट शेवटची ठरली.

ती बाहेर आली तेव्हा पोस्टमन कठड्यावर बसला होता. मुलगा आणि सून जरा लांब उभी राहून, आपण यांच्यासोबत नाही असं दाखवत होती.

"तळाला रंग दिलाय हो," बाई हळूच म्हणाली. "पोपडे निघालेत."

म्हणजे तो जिंकला होता.

"आबा, काय म्हणाल्या त्या?" नात पळत आली.

"निळं आहे म्हणाल्या. पाणीच निळं आहे. तुझी आजी बरोबर सांगत होती."

या प्रकाराची चौकशी झाली आणि उद्यानाने तातडीने सुधारणा केली. आजारी पाहुण्यांना उभं राहून भांडावं लागू नये, म्हणून बाजूच्या रांगेत बाकं टाकण्यात आली. भाड्याची खिडकी वरच आहे. तक्रार पेटीही आता तिथेच वर बसवली आहे. जिना चढून आलेल्यांपैकी एकानेही अजून तक्रार केलेली नाही.

आपण तिथे असतो तर नक्की उठलो असतो, असं आता तुम्हाला वाटत असेल. वाटणारच. ही गोष्ट तुम्ही इथपर्यंत बसूनच वाचली आहे. तुमच्या शेजारी किती वेळ कोण उभं आहे, ते आता मान वर करून बघायला हरकत नाही.