बाबारावांचे न फुटणारे टॉर्पेडो

घुग्घुसला आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहणारे बाबाराव एका रविवारी गच्चीवरून खाली लोखंडी पत्र्यावर दुधी भोपळे टाकत होते. एक सरळ, एक तिरपा. प्रत्येक भोपळ्याच्या नाकात खिळा ठोकलेला. मी वर पाहिलं तर ओरडले, "मास्तर, बाजूले व्हा! टॉर्पेडो येऊन राह्यला!"

बाबाराव कोळशाच्या खाणीत शॉटफायरर होते, म्हणजे कोळशात भोकं पाडून, बारूद भरून बार उडवणारे. तीस वर्षं जमिनीखाली काढली. समुद्र कधी पाहिला नाही. तसं म्हटलं की उत्तर तयार, "वर्धा नदी पाह्यली न! पाणी ते पाणी." निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांची हकिकत ऐकली आणि कॉलनीची शांतता गेली. चहाच्या टपरीवर बशी म्हणजे शत्रूचं जहाज, बिस्कीट म्हणजे पाणबुडी. "समोरून नाई जायचं. वाटेत दबा धरून बसायचं, बाजूनं मारायचं." समजावता समजावता पाणबुडी दुसऱ्याच्याच चहात बुडायची.

पण त्यांचा जीव अडकला होता टॉर्पेडोत. अमेरिकेच्या पाणबुड्यांचे टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारे बाँब, जहाजावर जाऊन आदळायचे आणि फुटायचेच नाहीत. कप्तानांनी तक्रार केली की वरचे साहेब म्हणायचे, तुमचाच नेम चुकला. एका कप्तानानं थांबलेल्या जहाजावर एकामागून एक सोडले. एकही फुटेना. मग शेवटचा त्यानं सोडलाच नाही.

"जपून परत आणला, तपासायले!" इथं बाबारावांचा आवाज चढायचा. "मंग उंचावरून टाकून पाह्यले, तवा कळलं. सरळ आदळला का आतली पिन वाकते अन् फुटतच नाई, तिरपा लागला तं फुटते. हत्यार तपासा ना आधी, मंग माणसाले बोला!"

एकदा मी विचारलं, "या परदेशातल्या लढाईचं तुम्हाला एवढं काऊन पडलंय?"

"मारोतीसाठी," ते म्हणाले.

मारोती त्यांचा खाणीतला जोडीदार. त्यानं भरलेला एक बार वेळेवर उडाला नाही, नंतर अचानक उडाला. दोन माणसं जखमी झाली. चौकशीत ठरलं, मारोतीनं तारा नीट जोडल्या नाहीत. नोकरी गेली. तो गोंडपिपरीकडे आपल्या गावी गेला आणि तो डाग घेऊनच वारला. बाबारावांचं म्हणणं, बार पेटवणाऱ्या केपाच त्या खेपेला ओल्या आल्या होत्या.

"आता कोण ऐकणार?" मी म्हणालो.

"कप्तानाचं तरी पहिल्या वेळी कोनं ऐकलं होतं?"

दर सोमवारी ते खाणीच्या ऑफिसात हजर. साहेब बदलत गेले, बाबाराव बदलले नाहीत. त्याच खेपेच्या केपा वापरलेले तीन म्हातारे शॉटफायरर त्यांनी मोटारसायकलवर हिंडून शोधले. एक तर पार एटापल्लीला जावयाकडे सापडला. "आमचेही बार फुसके गेले होते," असं तिघांकडून लिहून घेतलं. चौथ्या वर्षी ऑफिसातून कागद आला : कामगाराची चूक सिद्ध होत नाही.

तो कागद द्यायला मीच त्यांना मारोतीच्या गावी घेऊन गेलो. मारोतीची बायको शेवंताबाई अंगणात धान पाखडत होती. बाबारावांनी कागद वाचून दाखवला. मला वाटलं, आता टॉर्पेडो सुरू होणार. पण ते खाली बघत म्हणाले, "बाई, मारोतीच्या विरोधातल्या कागदावर साक्षीदार म्हणून माही सही होती. साहेब म्हणे, नाई केली तर तुलेबी काढतो. म्या केली."

शेवंताबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"मले माहीत होतं, भाऊ. त्यायनंच सांगतलं होतं. त्याचा राग नव्हता त्यायले. दर पोळ्याले म्हणत, आज बाबाराव येईन. दोन पोळ्या जास्तीच्या करायले लावत. तुमीच आले नाई."

बाबाराव चपला काढून आत गेले आणि मारोतीच्या फोटोसमोर जमिनीवर बसले. शेवंताबाईनं मला हातानं थांबवलं. आम्ही दोघं बाहेरच थांबलो.