मागचं डावं चाक

आमच्या समोरच्या घरात राहणारे डॉ. तिडके रोज सकाळी तोंड धुऊन झालं की गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून अंगणात येतात. अंगणात त्यांची पांढरी अँबॅसिडर उभी असते. डॉक्टर तिच्या बॉनेटला नळी लावतात, डोळे मिटतात आणि बराच वेळ ऐकत राहतात. गाडी बंद असते, हे सांगायला हवं.

मी या गल्लीत नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्याच सकाळी हे दृश्य पाहिलं आणि दाराशीच थबकलो. डॉक्टरांनी एक डोळा उघडला.

"सर ना तुमी? कॉलेजात भूगोल शिकवणारे?"

"हो."

"थांबा जरा. आवाज करू नका."

नळी काढून त्यांनी बॉनेटवर दोन थापा मारल्या. "रात्री निवांत होती. आता उठंल," म्हणाले, आणि घरात गेले.

डॉक्टर माणसांचे नाहीत, जनावरांचे. सगळी नोकरी माजलगाव आणि आसपासच्या सरकारी दवाखान्यांत काढली, निवृत्त झाले, पण सवयी काही निवृत्त झाल्या नाहीत. समोर कोण आहे याचा फार विचार न करता ते तपासणीला लागतात. आमच्या हिचं डोकं दुखत होतं तेव्हा भेटायला आले. खुर्ची ओढून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "चारा कसा खाती?" मग स्वतःच दचकून म्हणाले, "म्हंजे जेवण कसं हाय ताईंचं?" ही उशीत तोंड खुपसून इतकी हसली की डोकेदुखी तिथंच थांबली. डॉक्टरांनी मात्र तो गुण आपल्या खात्यावर जमा करून घेतला.

"आधी हिस्ट्री, मग औषध" हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीवाल्याच्या वांग्यालासुद्धा हिस्ट्री विचारतात.

गाडी त्यांना एका पुढाऱ्याच्या दारात सापडली होती. पुढाऱ्यानं मोठी जीप घेतली आणि ही बिचारी शेवग्याच्या झाडाखाली उन्हात पडली. डॉक्टर तिथं म्हशीवर उपचार करायला गेले होते. म्हशीला सलाईन लावता लावता त्यांची नजर गाडीवर गेली. "अशी बघत होती, सर," ते मला सांगतात, "जशी बांधून ठिवलेली गाय बघती." तेव्हापासून ती त्यांच्याकडे आहे. तिच्यातून त्यांनी वासरं नेली, करडं नेली, पेंडीची पोती नेली. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू मात्र कायम पुढच्या सीटवर, डॉक्टरांच्या शेजारी. मागं शेळी ओरडत असली तरी काकू पुढं पदर सावरून ताठ बसलेल्या, हे माजलगावनं वर्षानुवर्षं पाहिलं.

मग काकू पुण्याला गेल्या. मुलगी वैशाली बाळंत झाली, तिथं हाताशी कुणी नव्हतं. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या काकू तिथंच राहिल्या. बाळ रांगू लागलं, मग चालू लागलं. वैशाली फोनवर वडिलांना म्हणू लागली, "बाबा, तुम्ही पण इकडंच या आता. एकटे काय करता तिथं?"

आणि नेमक्या त्याच दिवसांत गाडीचा ब्रेक गेला.

गेला तेव्हा मी गाडीत होतो. धर्मापुरीचं जुनं देऊळ मी पाहिलेलं नाही, हे ऐकून डॉक्टरांना माझ्या भूगोलाची कीव आली आणि ते मला घेऊन गेले. परत येताना उतार लागला. पुढं ऊस भरलेली बैलगाडी चाललेली. डॉक्टरांनी ब्रेकवर पाय दिला आणि पाय पार तळाला गेला.

"हो, हो, हो, हो!" डॉक्टर ओरडले.

मला वाटलं मला म्हणतायत. ते गाडीला म्हणत होते, बैलाला म्हणतात तसं. गाडीनं ऐकलं नाही. मग त्यांनी खटाखट गियर उतरवले, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग फिरवून गाडी सरळ शेजारच्या तोडलेल्या उसाच्या रानात घातली. पाचटाच्या ढिगात नाक खुपसून ती थांबली. माझ्या मांडीवरचा प्रसादाचा नारळ काचेवर आपटून पुन्हा माझ्या मांडीवर आला.

गाडीवान धावत आला. "कावून घुसला बे रानात? डोळे हायेत का न्हाईत?" मग आत वाकून बघितलं आणि हात जोडले. "अरारा, डॉक्टरसाहेब तुमी व्हय! लागलं का काही?"

"मला न्हाई. हिला लागलंय," डॉक्टर म्हणाले आणि उतरून चाकापाशी उकिडवे बसले. माझी चौकशी गाडीवानानंच केली.

पुढचे काही दिवस आमच्या गल्लीत निदान चाललं होतं. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला आमचे मेकॅनिक गफूरभाई. पेडल तळाला गेलं म्हणजे तेल ढकलणारा मुख्य सिलेंडर गेला, असं डॉक्टरांचं मत. "काळीज गेलंय तिचं." गफूरभाईंचं मत, चाकातले लायनर झिजलेत. आधी डॉक्टरांच्या मताप्रमाणे काळीज उघडलं, रबरं बदलली. दोन दिवस ब्रेक लागला, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय तळाला. मग गफूरभाईंच्या मताप्रमाणे लायनर बघायला मागचं डावं चाक काढलं. त्यावरचा लोखंडी ड्रम गंजून इतका चिकटला होता की लाकूड ठेवून हातोडीनं ठोकून काढावा लागला. आत सगळं तेलानं चिंब. चाकातला छोटा सिलेंडर, जो तेलाच्या जोरानं लायनर ड्रमवर दाबतो, तोच गळत होता. आतून गंजानं खड्डे पडलेले. नवं रबर घातलं तरी तेल खड्ड्यातून वाट काढणारच.

दोघंही चुकले होते, त्यामुळे दोघांचंही समाधान झालं.

"हगवण हाय म्हणा की," डॉक्टर म्हणाले. "एवढे दिवस आपण छाती तपासत बसलो."

"साब, सिलेंडर नवाच लगेगा," गफूरभाई म्हणाले. "लेकिन अब ये मिलता कहाँ?"

तिथून आमचे रविवार सुरू झाले. माझी मोटारसायकल, मागं डॉक्टर, त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तो गंजका सिलेंडर. बीडचा भंगार बाजार झाला. गेवराई झाली, परळी झाली, अंबाजोगाई झाली. दुकानदार सिलेंडर हातात घेऊन फिरवून बघायचा, "लई जुना हाय" म्हणायचा आणि चहा मागवायचा. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांना ओळखणारं कुणीतरी निघायचंच. "साहेब, आलाच हाय तर आमची गाय बघता का?" मग मी कुणाच्या तरी ओसरीवर बसून दुसरा चहा घ्यायचो आणि गोठ्यातून डॉक्टरांचा आवाज यायचा, "हिस्ट्री सांगा, हिस्ट्री."

चकलांब्याला तर अख्खी अँबॅसिडर सापडली. एका मोठ्या शेतकऱ्याच्या गुरं बांधायच्या वाडग्यात, चाकांसकट, दारं उघडी. मालक भला माणूस. "न्या की डॉक्टर, काय लागंल ते काढून न्या," म्हणाला. मी पाना घेऊन पुढं झालो. डॉक्टरांनी मागच्या सीटकडं पाहिलं आणि माझा हात धरला. सीटवर गवतात एक तांबडी कोंबडी अंगाची टोपली करून बसली होती.

"अंड्यावर हाय ती."

"मग?"

"मग काय? गाडीला जॅक लावणार, हातोड्या ठोकणार. उठली तर परत बसायची न्हाई. बाळंतीण हाय सर, चला."

मालक हसला, मी चिडलो, डॉक्टर मात्र मोटारसायकलवर मजेत शीळ घालत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हवा असलेला पार्ट हाताशी आला असताना कुणी शीळ घालत परत फिरतं का?

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा, तो आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा, कारण डॉक्टर पुण्यापर्यंत आवाज पोचावा अशा बेतानं बोलायचे. "न्हाई, न्हाई झाली अजून! गाडी बसूनच हाय! नीट झाली की येतो म्हणलं ना!"

एका रविवारी सकाळी मी तयार होऊन त्यांच्याकडे गेलो. डॉक्टर न्हाणीत होते. टेबलावर फोन वाजू लागला.

"सर, घ्या हो तेवढा!" आतून आवाज आला. "सांगा, अजून गाडी बसूनच हाय म्हणून!"

मी फोन घेतला. काकू होत्या. माझा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं असावं.

"सर, तुमीच सांगा आता. तो पार्ट बसला का न्हाई? का चुकीचा निघाला?"

"कुठला पार्ट काकू?"

"अहो, मी पाठवला तो. ट्रॅव्हल्सच्या डायवरजवळ दिलता. मिळाला म्हणले की हे."

काकू सांगत गेल्या. बाळाला झोपवून त्या दुपारच्या बाहेर पडायच्या. जुन्या गाड्यांचे पार्ट विकणारी दुकानं शोधायच्या. गफूरभाईंनी पाठवलेला फोटो फोनवर दाखवायच्या. दुकानातली पोरं हसायची, आजी गाडी चालवता का म्हणायची. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून कागदात गुंडाळलेला कोरा सिलेंडर काढून दिला. "पिशवीत घालून अशी छातीशी धरून आणला हो."

"पण काकू," मी म्हणालो, "डॉक्टरांना तिकडं राहायला यायचं नाहीये बहुतेक."

"राहायला?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून बोलत असाव्यात. "राहायला कोण बोलावतंय? मी नुसतं या म्हणते, ते न्यायला या म्हणून. पोरगी जीव लावती, तिच्यासमोर कसं सांगू की मला करमत न्हाई म्हणून? बाळ आता पाळणाघरात रुळलंय, सगळं नीट हाय. पण मी एकटी बसनं निघाले तर पोरीला वाटंल, आई रुसून गेली. हे गाडी घेऊन आले म्हंजे कसं, माणूस न्यायला आला, गेली. कुणालाच काही लागायचं न्हाई." मग म्हणाल्या, "त्यांना कळंल वाटलं हो मला. इतक्या वर्षांत कळत आलंय."

डॉक्टर डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आले. माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं. तसेच कपाटापाशी गेले. जंताच्या औषधाच्या बाटल्या बाजूला सारून मागून एक पुडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. नवा सिलेंडर, अजून ग्रीस लावलेला.

"बसवला की जावं लागंल, सर," ते म्हणाले. "मागं गेलतो ना मी आठ दिवस. अकराव्या मजल्यावर. खाली बघितलं तर माणूस कोण, झाड कोण, कळत न्हाई. लिफ्टमधी एक बाई कुत्रं घेऊन आली. कुत्र्याला स्वेटर. मी म्हणलं, उन्हाळ्यात कावून घातला, खाज सुटंल त्याला. तर तिनं कुत्रं उचलून घेतलं. माझ्यापासून." त्यांनी पंचा काढून हातात पिळला. "हितं लोक वाट अडवून गाय दाखवतात. तिथं कुत्रं पण लपवतात. पण मी न्हाई म्हणलं तर कुसुमला वाटंल, ह्यांना माझ्यापेक्षा गाव मोठं. म्हणून गाडी बसवून ठिवली."

"काकू तुम्हाला राहायला बोलवत नाहीत," मी म्हणालो. "त्यांना परत यायचंय."

डॉक्टर खुर्चीत बसले. "असं म्हणली?"

"असं म्हणाल्या."

"शब्द काय वापरला?"

"न्यायला या."

"न्यायला?"

"न्यायला."

त्यांनी सिलेंडर उचलून हातात घेतला. मग तसेच, ओल्या केसांनी, बनियनवर, गफूरभाईंना बोलवायला रस्त्यावर गेले.

दुपारपर्यंत सिलेंडर बसला. तेलाच्या नळ्यांतली हवा काढायची होती, म्हणून मला आत बसवलं. गफूरभाई खालून ओरडायचे, "दाबो... पकडके रखो..." मी पेडल दाबून धरायचो. खाली बुडबुडे निघायचे. डॉक्टर चाकापाशी कान लावून बसलेले. हळूहळू पेडल माझ्या पायाखाली घट्ट होत गेलं आणि एका क्षणी दगडासारखं थांबलं. "बस," गफूरभाई म्हणाले. डॉक्टरांनी उठून गफूरभाईंना मिठी मारली, तेलकट हातांसकट.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. मला त्यांनी सोबत घेतलं, वाटेत काही झालं तर ढकलायला माणूस हवा म्हणून. काकू इमारतीच्या फाटकाशी पिशव्या घेऊन उभ्याच होत्या. शेजारी वैशाली, कडेवर मुलगा. वैशालीचे डोळे भरलेले, पण ती हसत होती. "बाबांना करमेना वाटतं," ती आईला म्हणाली. काकू म्हणाल्या, "तुला माहीतय ना त्यांचं." डॉक्टरांनी सगळा दोष मान खाली घालून घेतला आणि नातवाला हॉर्न वाजवू दिला.

काकू पुढं बसल्या. नगर येईपर्यंत त्या बोलत होत्या. गल्लीत कोण कसं आहे, तुळशीला पाणी घातलं का, गफूरभाईंच्या सुनेचं काय झालं. नगर मागं पडलं आणि बोलता बोलताच त्यांची मान खिडकीकडे कलली. दुपारचं ऊन पदरावर पडलं होतं.

करंजीचा घाट सुरू झाला. मी मागं बसून आपोआप पाय रेटून धरले. पण डॉक्टर वळण दिसायच्या आधीच गियर उतरवत होते आणि ब्रेक असा अलगद दाबत होते की गाडी कधी मंदावली हे कळू नये. मागून एक ट्रक हॉर्न वाजवून वाजवून वैतागला आणि शिव्या देत पुढं गेला.

घाट उतरल्यावर टपरी दिसली. मी पुढं वाकून विचारलं, "डॉक्टर, चहाला थांबायचं का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "नको सर. झोपू द्या तिला. तिथं नीट झोपलीच नसंल ती."