आधी तुमी वाजा

एसीवाला मामा म्हनलं की तुमाले वाटन, मामाच्या घरी गारेगार एसी असन अन् सुट्टीत आमी तिथं लोळत असन. नाही बावा. मामाच्या दुकानात एक टेबलपंखा हाये, अन् तो बी मान फिरवताना कुरकुरते. मंग तुमाले वाटन, मामा गाडीले कान लावून तिची बिमारी सांगते. ते बी नाही. मामा आधी गाडी ऐकतच नाही. मालकाले ऐकते.

वाशीमले रस्त्याच्या कडेले त्याचं गाड्यांचे एसी दुरुस्त कराचं दुकान हाये. गिऱ्हाईक बोनट उघडाले गेलं, की मामा हात वर करते.

"गाडी बंद करा. आधी तुमी वाजा."

म्हनजे गाडीत येते तो आवाज मालकानं सोताच्या तोंडानं काढून दाखवाचा. भर रस्त्यावर! एकदा एक वकीलसाहेब आले. काळा कोट, सोबत बायको. साहेबानं इकडंतिकडं पाह्यलं अन् हळूच "घर्रऽ" केलं.

"अवं, असं कुठी वाजते?" बाई म्हनल्या. "हे तुमचं घोरनं झालं. गाडी फर्र-फर्र करते."

"वहिनी बराबर वाजल्या," मामा म्हनला. "साहेब, कोर्टात तुमी बोला, इथं वहिनीले बोलू द्या. ब्लोअरात कागद हाये."

खोललं, त उंदरानं कुरतडलेली लग्नपत्रिका निंगाली.

"लग्नाले गेलते का?" मामानं विचारलं. "नसन गेले त आहेर तरी धाडा."

मामाची भाषा बी शेतातली. खुळखुळ आवाज आला की "तुरीच्या शेंगा वाळल्या", म्हनजे बेअरिंग गेलं. टकटक आली की "सोयाबीन फुटून राह्यलं", म्हनजे कंप्रेसरचा क्लच पाहा.

आता माही जळजळ ऐका. आमच्या गावात, अनसिंगमदे, आवाज काढावा त म्याच. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, रुसलेली नवरी, सारे माह्या गळ्यात. पन लोकं दोन मिनिटं हासतात अन् उठून जातात. मामापुढं लोकं उन्हात उभे राहून सोता वाजतात, वरून पैसे देतात! अन् माही माय मीठ चोळते, "तू नुस्ता आवाज काढतं. समजते त माह्या भावाले."

मामा त माह्या नकलेले कवा हासलाच नाही. एकदा एका लग्नात म्या बकरी काढली. सारं लगन हासलं. मामा म्हनला, "बकरी बिमार हाये. डाक्टरले दाखव."

तवाच ठरवलं. एकदा तरी मामाच्या कानाले फसवाचं. नाही त नक्कल सोडाची.

मामाची पोरगी, रेखाताई, पुन्याले राह्यते. तिच्यापाशी जुनी गाडी होती तवा तिचा सारखा फोन ये. "बाबा, ऐका," म्हने अन् वाजे. मामा बिमारी सांगे, मंग दोघं घंटाभर बोलत. दिवाळीत ताईनं नवी गाडी घेतली. मामा साऱ्याइले सांगे, "लय भारी गाडी! काहीच वाजत नाही." सांगे अन् मोबाइल पुसून खिशात ठेवे.

एका दुपारी मामाच्या दुकानासमोरच्या चहाटपरीमागं मी दोस्तांसंग बसलो होतो. एकाच्या मोबाइलवरून मामाले फोन लावला, स्पीकर चालू केला अन् रेखाताईचा आवाज काढला.

"बाबा, हा माहा नवा नंबर. एसी लावला की कट-कट-कट करते."

टपरीच्या फटीतून मामा दिसत होता. त्यानं आधी टेबलपंखा बंद केला. मंग उभा राह्यला अन् दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"थंडं करते ना?"

"हो बाबा."

"मंग राहू दे."

"दुकानात दाखवू का?"

"नको दाखवू. वाजू दे. वाजलं की फोन करत जाय."

दोस्त तोंड दाबून हासत होते. ते थांबले.

"जेवली का?"

"हो बाबा."

"काय जेवली?"

माह्यापाशी आवाज होता, जेवन नव्हतं. म्या फोन कापला.

मामा सरळ टपरीमागं आला. म्या गाल तयार ठेवला.

"गधड्या," मामा म्हनला, "फोनात या टपरीची शेगडी भणभणून राह्यली होती! पुन्याले हेच शेगडी हाये का? अन् कट-कट-कट काय? एसीचा क्लच कट् करते, दम खाते, मंग कट् करते. तू त घोडं पळवलं!"

"म्हनजे तुमी ओळखलं होतं?"

"माही पोरगी हाये ते. 'बाबा' म्हनाच्या आधी नाक ओढते. तू ओढलं का?"

"मंग बोलले कायले, मामा?"

मामानं दुकानाकडं पाह्यलं. पंखा बंदच होता. मंग माहा कान धरला, पन पिळला नाही.

"पुरा काढता येत नसन त आवाज काढू नको, लेका! कापला कायले फोन? रेखा कवाच पयले फोन ठेवत नाही."