डुगडुगणारी पुली आणि सासूबाईंची बॅग

गाडीच्या बाबतीत माझा कान म्हणजे डॉक्टरांचा स्टेथोस्कोप! इंजिन नुसतं खोकलं, तरी मी रोगाचं नाव सांगतो. ते नाव दर वेळी बरोबर असतंच असं नाही, पण सांगतो मात्र ठणकावून!

त्या सकाळी सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मोठ्या मुश्किलीने मिळालेली वेळ! आणि गाडी सुरू करतो तो काय, डब्यात खिळे भरून कुणी हलवावा तसा बॉनेटखालून खडखडाट!

"बेल्ट गेला," मी जाहीर केलं.

"बेल्ट परवाच बदललात ना?" बायको म्हणाली.

"मग बेल्ट नाही," मी तितक्याच ठामपणे जाहीर केलं.

बॉनेट उघडून आत डोकं घातलं. इंजिनच्या टोकाला जिच्यावर बेल्ट फिरतो, ती क्रँकशाफ्टची पुली नुकत्याच चालायला लागलेल्या पोरासारखी डुलत होती! या पुलीत आतलं चाक वेगळं, बाहेरचं कडं वेगळं, आणि दोघांना धरून ठेवणारं रबर मध्ये. रबर सुटलं की कडं आपल्या मर्जीने फिरतं. मी इंजिन बंद केलं आणि बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशने चाकापासून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"अहो, नवी बाटली आहे ती!"

"विज्ञानासाठी!"

इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं. रेघेचे दोन तुकडे! एक वर, एक खाली! निदान पक्कं!

आनंदाच्या भरात खिडकीखाली उभं राहून गॅरेजच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांच्याकडे कायम ठोकाठोकी, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागतं.

"अहो, ती पार डुगडुगतेय! आतलं रबर गेलंय तिचं! सकाळपासून नुसती कुरकुर! छे छे, दुरुस्त कसली करताय? वय झालं आता! ओढून बाहेर काढा आणि द्या टाकून!"

वर खिडकीत सासूबाई बसल्या होत्या, हे मला कुठे ठाऊक!

हात धुऊन घरात गेलो, तर त्या बॅग भरत होत्या.

"आई, कुठे निघालात?"

"ओढून काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं."

"कोण ओढतंय तुम्हाला?"

"रबर गेलंय ना माझं! कुरकुर करते ना मी!" त्यांचा आवाज कापला. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

बायको कमरेवर हात ठेवून पुढे आली. "तुम्ही आईला डुगडुगते म्हणालात?"

"अगं, मी पुलीला म्हणालो!"

"आता आईला पुली म्हणताय?"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन मिळताच गाडी घेऊन धावत आलेला मेहुणा दारात उभा! दाराएवढाच रुंद!

"भावजी, आईला टाकून द्यायची भाषा?"

"सगळे खाली चला," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "दाखवतोच!"

सगळ्यांना चार हात लांब उभं केलं, इंजिन सुरू केलं आणि मीही मागे सरकलो. "ती बघा, कशी डुल..."

ठण्ण! बेल्ट भिरभिरला, कडं सुटून गाडीखालून निसटलं, घरंगळत फाटकाबाहेर गेलं आणि शेजाऱ्यांच्या कुंडीवर आपटून आडवं झालं! मी धावत इंजिन बंद केलं.

सासूबाई चालत कुंडीपाशी गेल्या. नेलपॉलिशचा डाग निरखून पाहिला.

"हीच का ती वय झालेली?"

"हीच, आई! शप्पथ!"

"मग टाकूनच द्या मेलीला!" आणि त्या अशा हसल्या की मेहुण्याच्याही वळलेल्या मुठी सुटल्या.

"पाहिलंत? निदान अचूक!" मी छाती फुगवली.

"आणि गाडी?" बायकोने विचारलं.

गाडी अर्थातच जागची हलणार नव्हती. आम्ही मेहुण्याच्या गाडीत दाटीवाटीने बसून दवाखाना गाठला. नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली.

"पेशंट कोण?"

सासूबाई तुरुतुरु पुढे निघून गेल्या होत्या. मी मात्र सकाळभर बॉनेटमध्ये ओणवा होतो; आता गाडीतून जो उतरलो, तो स्वतःच्या बुटांकडेच बघत उभा! पाठ सरळ व्हायचं नाव घेईना.

"त्यांना बसवा," सासूबाई मागे वळून म्हणाल्या. "मी येते चालत."

बसलो! काय करणार? खुर्ची ढकलायला मेहुणा होता, आणि वळणावर त्याने वेग जराही कमी केला नाही!